जमीन-पाणी तापमान संच: साहित्य चांगलं, माहितीपत्रक अपुरं

प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानांत मिळणाऱ्या या शालेय संचात दोन काळे प्लास्टिकचे ट्रे, अर्धा किलो वाळू, दोन काचेचे थर्मामीटर आणि दिव्याचा वाकवता येणारा स्टँड येतो. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि लवकर निवते, म्हणून खारे (दिवसा समुद्राकडून जमिनीकडे) आणि मतलई (रात्री जमिनीकडून समुद्राकडे) वारे वाहतात; हे मुलांना आकड्यांनिशी दाखवायचं असेल तर संच घेण्याजोगा आहे. दोन्ही ट्रे एकाच रंगाचे, एकाच मापाचे आहेत, हे फार बरं केलंय. रंग वेगळा असता तर फरक वाळू-पाण्याचा की ट्रेचा, हे कळलंच नसतं.

खटकतं ते माहितीपत्रक. त्यात ‘वाळूपेक्षा पाण्याला पाचपट उष्णता लागते’ असं लिहून पुढे दोन्ही ट्रे सारख्या उंचीपर्यंत भरायला सांगितलंय. पाचपट हे सारख्या वजनाला खरं. सारख्या उंचीपर्यंत भरले तर २५० मिली पाणी २५० ग्रॅम भरतं, तेवढ्याच जागेत कोरडी वाळू साधारण ४०० ग्रॅम मावते. एक अंश तापमान वाढवायला पाण्याला २५० कॅलरी, वाळूला ८०च्या आसपास. म्हणजे फरक तिपटीचा. मुलं हिशेब करून विचारतात, तेव्हा हे शिक्षकाला ठाऊक हवं.

सोबतचा एलईडी दिवा बाजूला ठेवा. त्यातून उष्णतेचे किरण जवळजवळ येत नाहीत, दहा मिनिटांत पारा जेमतेम हलतो. जुना १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब दोन्ही ट्रेच्या बरोबर मध्ये, ३० सेंमी उंचीवर लावा. पंखा बंद.

थर्मामीटरचा फुगा दोन्हीकडे पृष्ठभागाखाली १ सेंमीवर हवा. उघडा राहिला तर तो थेट दिव्यानेच तापतो. ४ सेंमी खोल गेला तर वाळूचं तापमान वाढलेलं दिसतच नाही, कारण कोरड्या वाळूतून उष्णता फार हळू खाली सरकते. म्हणून तर भर उन्हात किनाऱ्यावर वरची वाळू पायाला चटके देते आणि वीतभर उकरलं की गार लागते. पाण्यातही वरचा पातळ थरच आधी तापतो आणि वरच राहतो. प्रत्येक नोंदीआधी ते हलक्या हाताने ढवळा, समुद्रात हे काम वारा आणि लाटा करतात. पत्रकात ढवळण्याचा उल्लेखच नाही, ही मोठी उणीव.

वाळू दमट असेल तर प्रयोग फसतो: ओल सुकताना उष्णता खेचून घेते आणि दोन्ही आकडे जवळ येतात. कढईत कोरडी भाजून पूर्ण गार होऊ द्या, मगच वापरा. थर्मामीटरही आधी एकाच पेल्यात बुडवून पाहा. दोघांत एका अंशाचा फरक निघाला तर तो नोंदीतून वजा करा.

दहा मिनिटं तापवा, मग निवू द्या, दर मिनिटाला नोंद घ्या. दिवा बंद केल्यावरही वाळूचा पारा थोडा वेळ चढताना दिसू शकतो. थर्मामीटर बिघडलेला नसतो, वरच्या थरातली उष्णता अजून खाली येत असते. म्हणून निवण्याची नोंद वीस मिनिटं घ्यावी.