वायरच्या राउटरमागे जोडलेला एसी १२०० वायफाय राउटर: अँटेना चार, पण खरा खेळ पोर्टांचा

आमच्याकडे आधीपासून एक वायरवाला राउटर आहे, चार गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएसचे) पोर्ट, वायफाय नाही, पण दणकट. महिनोन्महिने रिस्टार्ट मागत नाही, त्यामुळे तो काढून टाकायचा प्रश्नच नव्हता. फक्त मोबाईल, टीव्ही, लॅपटॉपसाठी त्याच्या मागे एक वायफाय राउटर जोडायचा होता म्हणून हा ड्युअल बँडवाला (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन्ही असलेला) एसी १२०० घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण या वर्गात बऱ्याच कंपन्यांचं हेच रडगाणं आहे आणि मला एकाच कंपनीला झोडपायचं नाहीये. एकटाच राउटर म्हणून कसा आहे ते विचारू नका, तसा मी वापरलेलाच नाही.

आधी खोक्यावरच्या १२०० बद्दल. हा आकडा म्हणजे ५ गिगाहर्ट्झचे ८६७ आणि २.४ गिगाहर्ट्झचे ३०० एमबीपीएस, बेरीज ११६७, आणि मग वरती ढकलून १२००. तुमचा फोन एका वेळी एकाच बँडवर असतो त्यामुळे ही बेरीज प्रत्यक्षात कुणालाच मिळत नाही. बरं ते पण चालवून घेऊ, सगळेच असं लिहितात. पण राउटर उलटा करून पोर्टांच्या बाजूचं बारीक अक्षर वाचा, तिथे १०/१०० लिहिलंय. म्हणजे वरती ८६७ चं वायफाय आणि खाली १०० ची वायर! आणि दुसरा राउटर म्हणून जोडलं की वायफायवरचा सगळा ट्रॅफिक त्या एका वायरीतूनच मेन राउटरकडे जाणार ना, मग जवळ बसून वायफाय तीनशे-चारशे देत असलं तरी हातात येतात जेमतेम ९०-९५.

तुमचं इंटरनेटच १०० च्या आतलं असेल तर हा मुद्दा सोडून द्या, काही फरक पडत नाही, व्हिडिओ बिडिओ मस्त चालतात. पण घरातल्या घरात मोठ्या फाईली हलवणारे असाल, म्हणजे लॅपटॉप वायफायवर आणि बॅकअपची डिस्क वायरवर, तर जाणवतं. ९०-९५ मेगाबिट म्हणजे सेकंदाला साधारण ११ एमबी (आठ बिटांचा एक बाइट), म्हणजे १० जीबीची फाईल टाकली की पंधरा मिनिटं बसा वाट बघत. चार अँटेना लावायच्या ऐवजी दोन कमी लावल्या असत्या आणि पोर्ट गिगाबिट दिले असते तर हाच राउटर मी डोळे झाकून सुचवला असता.

आता जे आवडलं ते. यात ॲक्सेस पॉइंट मोड आहे, म्हणजे राउटरची कामं सोडून हा मेन राउटरचंच नेटवर्क वायफायवर देतो, आणि तो नीट चालतो. फक्त सापडायला पाहिजे, सुरुवातीच्या विझार्डमधे त्याचा पत्ताच नाही, विझार्ड सरळ तुम्हाला इंटरनेटचं युजरनेम पासवर्ड विचारत बसतो जे इथे लागतच नाही, कारण ते काम मेन राउटर करतोय. विझार्ड स्किप करा, ॲडव्हान्स्ड मधे सिस्टिम, तिथे ऑपरेशन मोड, ॲक्सेस पॉइंट निवडा, सेव्ह. तो रिस्टार्ट होतो आणि मग ब्राउझरमधे आधीचा पत्ता १९२.१६८.०.१ टाकला की पान उघडत नाही. घाबरू नका, राउटर मेला नाही. त्याने आता मेन राउटरकडून स्वतःसाठी नवीन पत्ता घेतलाय, मेन राउटरच्या डीएचसीपी (प्रत्येक मशीनला पत्ता वाटायची सोय) लिस्टमधे बघा, तिथे दिसेल, आणि तिथेच तो कायमचा रिझर्व्ह करून टाका म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध नको.

ज्यांच्या जुन्या राउटरला हा मोडच नाही त्यांनी पण रडायची गरज नाही, हाताने तेच करता येतं. मेन राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर दुसऱ्याचा लॅन (घरातल्या नेटवर्कचा) पत्ता १९२.१६८.१.२ करा (मेन राउटर जी रेंज वाटतो तिच्या बाहेरचा पाहिजे), मग दुसऱ्याचं डीएचसीपी बंद करा, आणि वायर मेनच्या लॅन पोर्टातून दुसऱ्याच्या लॅन पोर्टात. वॅन पोर्ट (इंटरनेटच्या वायरीचा) रिकामा सोडायचा. क्रॉस केबल वगैरे जुन्या काळच्या गोष्टी, आताचे पोर्ट स्वतःच ओळखतात.

आणि हे काहीच न करता नुसती वायर वॅन पोर्टात खोचली तर? गंमत म्हणजे बऱ्याचदा इंटरनेट चालतं, म्हणून लोकांना वाटतं झालं काम. पण मधे दोनदा नॅट होतंय, म्हणजे दोन्ही राउटर आपापल्या मागच्या मशीनचे पत्ते झाकून स्वतःचा लावतायत, वायफायवाले एका नेटवर्कात आणि वायरवाले दुसऱ्या, मग वायरवरचा प्रिंटर फोनला सापडत नाही, फोनवरून वायरवरच्या टीव्हीवर काही पाठवता येत नाही, गेमवाले ओरडतात, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणाऱ्याला घरातल्या ठराविक मशीनकडे पाठवणं) दोन्हीकडे करावं लागतं. दोन्ही राउटरांची पत्त्यांची रेंज सारखी निघाली तर इंटरनेट पण नशिबात नाही. काही जण पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क म्हणून मुद्दाम असं जोडतात आणि ते उलटं पडतं, कारण आपोआप काही सापडत नसलं तरी मागच्या राउटरवरचा माणूस थेट पत्ता टाकून पुढच्या नेटवर्कातल्या मशीनपर्यंत आरामात पोचतो, अडवलं जातं ते पुढून मागे येणाऱ्याला. म्हणजे पाहुणा सुरक्षित, तुम्ही उघडे!

पाहुण्यांवरून आठवलं, ॲक्सेस पॉइंट मोडमधे या राउटरचं गेस्ट नेटवर्क गायब होतं. खोक्यावर गेस्ट नेटवर्क ठळक छापलंय, या मोडमधे मिळत नाही हे कुठेच नाही. पॅरेंटल कंट्रोल, स्पीड लिमिट हे पण जातं, पण ते जाणारच होतं कारण ती कामं आता मेन राउटरची. गेस्टचं मात्र खटकलं. ॲपबद्दल एकच सांगतो, अकाउंट काढल्याशिवाय पुढे सरकत नाही, मी ब्राउझरमधूनच सगळं केलं. डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी बटण दाबून किंवा पिन टाकून जोडायची सोय) चालू येतं ते बंद करा, ॲडमिनचा पासवर्ड बदला.

रेंज ठीक. ५ गिगाहर्ट्झ एका भिंतीपर्यंत झकास, दुसऱ्या भिंतीनंतर २.४ वरच यावं लागतं, हा दोष राउटरचा नाही. २.४ ला चॅनल ऑटो न ठेवता १, ६, ११ मधला जो मोकळा असेल तो लावा. तुमच्या मेन राउटरला पण वायफाय असेल तर दोन्हीकडे नाव पासवर्ड एकच आणि चॅनल वेगळे ठेवा. रिपीटर मोड (वायरीशिवाय मेनचं वायफाय पकडून पुढे देणं) पण दिलाय, पण तो तोच रेडिओ घ्यायला आणि द्यायला वापरतो त्यामुळे स्पीड अर्ध्यावर येतो, वायर टाकता येत असेल तर त्या वाटेला जाऊच नका.

वायरबद्दल जरा सविस्तर. खोक्यातली वायर वीतभर आहे, ती विसरा, कॅट ५ई ची चांगली घ्या, ती गिगाबिटला १०० मीटरपर्यंत पुरते. या राउटरला १०० एमबीपीएसच असल्यामुळे आठपैकी चारच तारा लागतात, म्हणून उरलेल्या चारातली एखादी तार तुटलेली असली तरी कळतच नाही. उद्या गिगाबिटचा राउटर लावला आणि तरी १०० च दाखवतोय असं झालं तर राउटरला शिव्या घालायच्या आधी वायरीच्या टोकाची क्लिप बघा. आणि कृपा करून स्पीड वाढेल म्हणून दोन राउटरांमधे दोन वायरी लावू नका. लूप होतो, म्हणजे तोच डेटा गोल गोल फिरत राहतो, सगळ्या पोर्टांचे दिवे वेड्यासारखे एकदम लुकलुकायला लागतात आणि घरातलं अख्खं नेटवर्क बसतं, वायरवालं सुद्धा.

पाचपैकी साडेतीन देईन, अर्धा कापला गेस्टसाठी आणि एक त्या १०/१०० साठी. हेच थोडं वरचं मॉडेल १०/१००/१००० लिहिलेलं मिळत असेल तर ते घ्या, अँटेना मोजत बसू नका. आणि वापरताना एक लक्षात ठेवा, मागचं रिसेटचं बटण दाबलं गेलं की हा परत राउटर मोडमधे जातो आणि डीएचसीपी चालू होतं. वायर लॅन पोर्टात असेल तर घरात दोन्ही राउटर मशीनना पत्ते वाटायला लागतात, मग काही मशीनला इंटरनेट आहे आणि काहींना नाही असा प्रकार सुरू होतो. असं झालं तर इंटरनेटवाल्याला फोन लावायच्या आधी याची वायर काढून बघा.