दोन पीसीत कॉपी-पेस्ट: क्लाउड क्लिपबोर्ड की माउस विदाउट बॉर्डर्स?

दोन्ही मायक्रोसॉफ्टचेच, दोन्ही फुकट, पण कामाची पद्धत पार वेगळी.

क्लाउड क्लिपबोर्ड विंडोज १० मध्ये २०१८ च्या ऑक्टोबर अपडेटपासून आलाय, वेगळं काही टाकायला नको, सेटिंगमध्ये सिंक चालू करा, दोन्हीकडे एकच मायक्रोसॉफ्ट अकाउंट, की झालं. विंडोजचं बटण आणि व्ही दाबलं की शेवटच्या २५ गोष्टी समोर. एक पीसी घरी आणि दुसरा ऑफिसात असला तरी चालतं. पण फक्त मजकूर नि छोटे फोटो, ४ एमबीच्या आतले, फाइल विसरा. आणि कॉपी केलेलं नेटवरून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडे जातं, म्हणजे पासवर्ड वगैरे कॉपी करणाऱ्यांनी जरा जपून हां!

माउस विदाउट बॉर्डर्स आता पॉवरटॉइजमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या फुकट टूल्सच्या संचात, मिळतं. एकाच नेटवर्कवरचे ४ पीसी जोडता येतात, सिक्युरिटी की एकदाच टाकायची, मग माउस-कीबोर्डसुद्धा एकच पुरतो, आणि इथे कॉपी केलेली फाइल तिथे पेस्ट होते, फक्त एकावेळी एकच आणि १०० एमबीपर्यंत. सगळं घरच्या घरात, क्लाउड नाही.

टेबलावर दोन मशीन शेजारी असतील तर मी डोळे झाकून माउस विदाउट बॉर्डर्सच घेईन. मॅक किंवा लिनक्स मध्ये आलं तर मात्र दोन्ही बाद.