घडीची डेंटल खुर्ची: जुमल्याहून परतल्यावर

वर्गणी देणाऱ्या सगळ्यांचे आधी मनापासून आभार, मग हिशेब. तुमच्या पैशांतून घेतलेली घडीची खुर्ची नेपाळगंजहून छोट्या विमानाने नेपाळमधल्या डोंगराळ जुमल्याला पोचली आणि तिथे दातांच्या उपचारांसाठी शाळेच्या व्हरांड्यात सहा दिवस राबली. उघडायला दोन मिनिटं, पाठही छान कलते. पण डोक्याकडचा स्क्रू तिसऱ्याच दिवशी ढिला. एक आजी टेकल्या आणि मान एकदम खाली! त्या खो-खो हसल्या, घाम मला फुटला. पुढे माझ्या ओढणीने आवळून काम भागवलं. म्हणून पाचपैकी तीनच तारे.

खरी कामाला आली ती सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडची बाटली. वीज नको, ड्रिल नको. किडलेला दात पुसून ३८ टक्क्यांचं द्रावण लावायचं, कीड बहुतेक वेळा तिथेच थांबते. २०२१पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांत आहे ते. फक्त किडलेला भाग काळाकुट्ट होतो, हे आईबापांना आधीच सांगायचं. एक चिमुरडी आरशात बघून "कालो!" ओरडली आणि मैत्रिणींना दाखवायला पळाली.

स्क्रू बदलून देतो म्हणालाय दुकानदार. दोनदा फोन झालाय.