टेक्स्टाइलवाला रिक्रूटर: फी तगडी, पण माणूस नेमका मिळाला

आमचं इचलकरंजीजवळ स्पनबॉन्डचं, म्हणजे न विणता बनणाऱ्या (नॉनवोव्हन) कापडाचं युनिट, प्लांट हेड पाहिजे होता. साध्या प्लेसमेंटवाल्यांनी पाठवलेले सीव्ही बघून डोक्याला हात लावला, सगळे लूमवाले, एक तर इंटरव्ह्यूत पिक्सचा, म्हणजे आडव्या धाग्यांचा हिशोब सांगायला लागला, अहो इथे उभा-आडवा धागाच नसतो, पॉलीप्रॉपिलीनचे दाणे वितळवून थेट कापड निघतं! शेवटी फक्त टेक्स्टाइल-नॉनवोव्हनची सीनियर माणसं शोधणारा एक कन्सल्टंट गाठला. पहिल्याच फोनला विचारतो, लाइन किती रुंद, सिंगल बीम (एकाच थराची) का एसएमएस (स्पनबॉन्ड-मेल्टब्लोन-स्पनबॉन्ड अशा थरांची), माल डायपरला जातो का पिशव्यांना. म्हटलं गड्याला धंदा कळतो. माणूसही तसाच दिला, गुजरातच्या प्लांटमधला, आल्या आल्या स्पिनरेट (वितळलेल्या प्लास्टिकचे तंतू काढणारी बारीक भोकांची प्लेट) क्लीनिंगचं रेकॉर्ड मागितलं त्याने.

आता रडगाणं. फी एका पगारापेक्षा बरीच जास्त, त्यातली काही आधीच मोजायची. वर माणसाचा तीन महिन्यांचा नोटीस पिरियड आहे हे ऑफर लेटर गेल्यावर सांगितलं, हे काय बरोबर नाही, तोवर शिफ्ट आम्हीच ओढल्या. पाचपैकी चार स्टार. आणि सुपरवायझरसाठी याच्याकडे जाऊ नका, डीकेटीईच्या (इचलकरंजीचं टेक्स्टाइल कॉलेज) पोरांना विचारा, काम होऊन जातं.