रानफुलं ओळखायला आयनॅचरलिस्ट: पाचपैकी पाच

पावसाळ्यात सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव करत येडशीच्या रामलिंग घाटात जाणार असाल, तर आयनॅचरलिस्ट हे ॲप मोबाईलमध्ये आधीच टाकून घ्या. 2008 साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं, फुकट आणि बिनजाहिरातीचं. रानात रेंज नसली तरी अडत नाही. फोटो काढून ठेवायचे, घरी येऊन चढवायचे.

मी ते कळलावी या रानवेलीवर तपासलं, तेही फूल आलेलं नसताना. दुसऱ्या एका ॲपने पान बघून चक्क बांबू सांगितला होता. इथे पानाच्या टोकाचा जवळून फोटो दिला आणि पहिलंच नाव बरोबर आलं, ग्लोरिओसा सुपर्बा, म्हणजे कळलावीचं शास्त्रीय नाव. खरी खूण तिथेच असते. पान निमुळतं होत जातं, टोक तणाव्यासारखं गुंडाळतं आणि शेजारच्या काटकीला धरून वेल वर चढते. फूल असेल तर बाजूनेही फोटो घ्या. मागे वळलेल्या सहा पाकळ्या, आधी हिरवट-पिवळ्या, मग लालभडक, आणि बुडाशीच काटकोनात वळलेला कुक्षिवृंत (फुलातल्या स्त्रीकेसराचा दांडा) नीट दिसला पाहिजे.

मला सगळ्यात भावलं ते म्हणजे इथे यंत्राचा शब्द शेवटचा नसतो, जाणकार माणसं फोटो बघून दुजोरा देतात किंवा चूक दाखवतात. फोटोसोबतचं ठिकाण मात्र धूसर ठेवा, तशी सोय आहे. औषधासाठी कंद खणून नेतात, आणि वेल दरवर्षी त्या कंदातूनच फुटते. मुलं बरोबर असतील तर कंदाला हात लावू देऊ नका, त्यात कोल्चिसीन हे जहाल विष असतं.