टीनएज मालिकेचा ट्रेलर: आधी संवाद लावायचे की आधी संगीत?

विद्यार्थ्यांनी मिळून मालिका शूट केली, आता तिचा ७५ सेकंदांचा ट्रेलर कापायचा आहे. टाइमलाइनवर पहिल्यांदा संवाद टाकायचे की संगीत, यावर पुढचं सगळं काम ठरतं. दोन्ही वाटांनी चांगला ट्रेलर होतो, पण हातातल्या फुटेजला बहुधा एकच वाट झेपते. ती कोणती, हे आधी डोळे मिटून फुटेज ऐकलं की कळतं.

संवाद आधी लावायचे असतील तर सगळ्या भागांतून वीसेक वाक्यं वेचा आणि त्यांतली सहा ते आठ ठेवा. प्रत्येक वाक्य तीन सेकंदांच्या आत हवं. चित्र न बघता ती सलग ऐकली तरी कोण, काय बिघडलं आणि कुणाला काय लपवायचंय हे समजलं पाहिजे. मूळ क्रमाला चिकटून राहू नका. पाचव्या भागातलं ‘तू तिला सांगितलंस?’ आणि दुसऱ्या भागातला कुणाचा तरी पडलेला चेहरा शेजारी ठेवला की तिथेच कुतूहल तयार होतं. या मालिकांचा जीव रुसव्याफुगव्यांत, गुपितांत आणि तुटलेल्या मैत्रीत असतो. म्हणून बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवा आणि पुढच्या वाक्याचा आवाज चित्राच्या ८ ते १२ फ्रेम आधी सुरू करा.

ही पद्धत फसते ती आवाजामुळे. कॅमेऱ्याच्याच माइकवर दोन मीटरवरून घेतलेल्या संवादात खोली घुमते. पंख्याची एकसारखी घरघर नॉइज रिडक्शनने बरीच कमी होते. घुमणं मात्र सहज जात नाही आणि फिल्टर जास्त लावला तर आवाज पत्र्यासारखा होतो. दोन जागांची वाक्यं जोडताना मागचा आवाज टपकन बदलतो, तिथे त्या जागेचा रिकामा (कुणी बोलत नसतानाचा) आवाज खाली पसरवा आणि जोडावर तीन-चार फ्रेमचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक आवाज विरत असतानाच दुसरा उमटू द्या. एखादं वाक्य अगदीच वाया गेलं असेल तर गाद्या-कपडे असलेल्या शांत खोलीत, माइक तोंडापासून १५-२० सेंटिमीटरवर धरून पुन्हा रेकॉर्ड करा आणि ओठ दिसत नाहीत अशा शॉटवर ठेवा.

संगीतावर कापायचं तर भूक शॉट्सची असते. १२० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांच्या, ट्रॅकमध्ये ७५ सेकंदांत १५० ठोके येतात. सुरुवातीच्या ६० ठोक्यांत दर चौथ्याला, पुढच्या ६४ मध्ये दर दुसऱ्याला आणि शेवटच्या २६ मध्ये प्रत्येक ठोक्याला कट दिला, तर ७३ शॉट लागतात. एकाच वर्गात, त्याच दोन कोनांतून शूट केलेल्या मालिकेत एवढे वेगळे शॉट निघत नाहीत, आणि तोच चेहरा पुन्हा पुन्हा आला की ट्रेलर लांबलेला वाटतो. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, तोही तपासा: १२० बीपीएमचा एक ठोका २४ फ्रेमच्या टाइमलाइनवर १२ फ्रेमचा आणि ३० वर १५ फ्रेमचा असतो, पण २५ वर तो साडेबारा होतो. तिथे १२-१२ फ्रेमचे तुकडे रचत गेलात तर ४० ठोक्यांनंतर चित्र २० फ्रेम पुढे निघून जातं. त्यामुळे फ्रेम मोजून कापू नका, ठोक्यांवर मार्कर लावून त्यांवर कापा.

आणखी एक धोका गाण्याच्या हक्कांचा. प्रसिद्ध गाणं यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा ओळखू शकते आणि हक्कधारकाने तसं ठरवलं असेल तर व्हिडिओ अडवला जातो. संवादांवर उभा असलेला ट्रेलर गाणं बदलूनही टिकतो. संगीतावर कापलेला जवळपास पहिल्यापासून कापावा लागतो.

फोनवरच्या फुटेजचा फ्रेम रेट बहुधा कमीजास्त होत असतो. ते दोन्ही पद्धतींत आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटचं करून घ्या, नाहीतर लांब क्लिपमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू सुटत जातात.

आमचा कौल संवादांना. आवाज सुधारण्यापलीकडचा असेल आणि शॉट भरपूर असतील, तरच संगीत आधी लावा. दोन्ही थोडं थोडं चांगलं असेल तर पहिली ४५ सेकंदं संवादांवर कापा. त्यांच्याखाली संगीत १२ ते १५ डेसिबल दबलेलं ठेवा. मग सर्वांत बोचरं वाक्य, त्यानंतर एक सेकंद पूर्ण शांतता, आणि उरलेला वेळ संगीतावर. शांततेनंतर ट्रॅक आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावरच सुरू झाला पाहिजे. मधूनच सुरू झाला तर ती शांतता आवाज चुकून गेल्यासारखी वाटते.