पिंजऱ्याला चपडा लावू की वॉटर बेस? कोकणच्या हवेत काय टिकतं

घरी पक्ष्यांचा पिंजरा करायला घेतला की लाकूड, जाळी, कडी-कोयंडा सगळं पटापट ठरतं, घोडं अडतं ते पॉलिशवर. त्यात आपली किनाऱ्याची हवा, मार्चमध्ये चकचकीत दिसलेली फ्रेम जुलैत चिकट नाहीतर पांढरट झालेली असते.

बजी असो की कॉकाटील, पाळलेल्या या छोट्या पोपटांची चोच लाकडाला लागणारच, म्हणजे जे लावाल ते थोडंथोडं पोटात जाणार. वाफाही त्यांना आपल्या कितीतरी आधी बाधतात. म्हणून सुतारकाका कितीही म्हणाले की "मेलामाइन मारूया, काचेसारखं दिसेल", तरी नको, त्या पॉलिशमधून फॉर्मल्डिहाइड नावाचा विषारी वायू बरेच दिवस सुटत राहतो. हार्डनर मिसळायचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश पण नको, पूर्ण वाळल्यावर ते निरुपद्रवी होतं म्हणे, पण पूर्ण वाळलं हे पडवीत बसून ठरवणार कोण?

आता तेलं. घरात पहिला सल्ला खोबरेलाचा येतो. विषारी अजिबात नाही, पण ते लाकडावर वाळतच नाही हो! माझ्या पहिल्या पिंजऱ्याला लावलेलं, पिसं आणि धूळ चिकटून खवट वास मारायला लागला आणि श्रावणापर्यंत काळी बुरशी. कच्चं जवसतेल वाळतं पण आठवडेच्या आठवडे घेतं. डबल बॉइल्ड लवकर वाळतं कारण त्यात कोबाल्ट-मँगनीजचे ड्रायर असतात, ते चोचीखाली कशाला? (जवसतेलाची फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात, पसरून वाळवा.) काजूच्या टरफलांचं तेल होडीला लावा, वाशांना लावा, इथे नको, त्याने माणसाच्या कातडीला फोड येतात.

उरले दोघं.

चपडा म्हणजे लाख, औषधाच्या गोळ्यांवरसुद्धा तिचा थर असतो. साधारण सव्वाशे ग्रॅम चपडा लिटरभर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा, पातळ हात मारा, तासाभरात हाताला कोरडं लागतं. स्पिरिट उडून जातं, तरी पक्षी सोडायच्या आधी चार-पाच दिवस वारा लागू द्या. तयार पॉलिशच्या बाटलीत राळ, रंग काय काय असतं कळत नाही, घरीच केलेलं बरं. पण दमट हवेत चपडा पांढरा पडतो, आणि सोड्याच्या पाण्याने पुसलात तर चक्क सुटतो, पिंजरा तर दर आठवड्याला धुवायचा असतो.

वॉटर बेस क्लिअर कोट म्हणजे पाण्यात बनवलेलं पारदर्शक पॉलिश, ते धुण्याला टिकतं. डब्यावर खेळण्यांसाठीचं ईएन ७१ हे युरोपातलं सुरक्षेचं मानक लिहिलेलं बघा आणि लावल्यावर ३-४ आठवडे थांबा. दुकानदार हमखास "एक्स्टीरियर घ्या, बुरशी धरत नाही" म्हणेल, पण ती बुरशी मारायला त्यात औषध घातलेलं असतं, म्हणून इंटीरियरच मागा.

माझं मत विचाराल तर बाहेरच्या फ्रेमला वॉटर बेस, आणि जाळी फ्रेमच्या आतल्या बाजूने ठोका म्हणजे चोचीला लाकूड कमीच सापडतं. आत जे असेल ते कोरं, बसायला पेरूच्या फांद्या घासून धुवून उन्हात वाळवलेल्या, कुरतडल्या की बदलायच्या, फुकटच तर आहेत. महिनाभर थांबणं जमत नसेल तर चपडा, पण मग दरवर्षी पावसाळा संपला की परत हात मारायची तयारी ठेवा. दोन्हीतलं काहीही करा, एप्रिलच्या आत उरका, जूनमध्ये इथे टॉवेल वाळत नाही तर पॉलिश काय वाळणार.

आणि जुन्या घराच्या खिडक्यांचं सागवान वापरायचा मोह होतो, मलाही झाला. पण घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झालाय, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. तो घासलात तर धूळ तुमच्याच नाकात जाईल. असं लाकूड आमच्याकडे माळ्यावरच पडून आहे.